गल्ल्याची किल्ली

(बी. ए. भाग २)

आमच्या दुकानात शिरले की समोरच्या भिंतीवर एक तसबीर दिसते. जो दुसऱ्यावर विसंबून राहतो त्याचे काम बुडते, अशा अर्थाचे समर्थ रामदासांचे वचन तीत आहे. कुठल्याशा खताच्या कॅलेंडरातून आबांनी ते कापून घेतले आणि काचेत बसवले. आबा चौथीपर्यंत शिकले. वर्तमानपत्र वाचताना ते अजून बोट फिरवतात. पण हे वचन त्यांना तोंडपाठ आहे, आणि गेली वीस वर्षे ते त्याला धरून वागत आले आहेत.

दुकान म्हणजे पलूस तालुक्यात रस्त्याच्या कडेला असलेला दहा बाय बाराचा एक गाळा. जळलेल्या मोटारी भरून देणे हा आमचा धंदा. विहिरीवरची, नदीवरची मोटार जळली की शेतकरी ती मोटारसायकलवर आडवी बांधून आणतो. जुनी तार काढायची, वेढे मोजायचे, तारेचे गेज बघायचे, फर्म्यावर नवीन कॉइल तयार करायची, खाचेत कागद घालून ती बसवायची, बांधायची, व्हार्निश द्यायचे, वाळवायचे. उन्हाळ्यात व्होल्टेज पडते, एखादी फेज जाते आणि मोटारी धडाधड जळतात. त्याच दिवसांत उसाला पाणी हवे असते. एक दिवस उशीर म्हणजे रानातले पीक सुकते, म्हणून गिऱ्हाईक दारात बसून राहते. सांगायचे एवढ्यासाठी की आमच्याकडच्या धंद्यात "उद्या या" हे वाक्य चालत नाही.

दुकानात आबांच्या हाताखाली एक मेस्त्री चौदा वर्षे होते. आम्ही भावंडे त्यांना मेस्त्रीकाका म्हणायचो. त्यांचा हात आबांपेक्षाही सफाईदार होता, हे आबाही मान्य करीत. परंतु चौदा वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला दर सांगितला नाही. दर आबा सांगणार. तार आणायला सांगलीला आबा जाणार. जुन्या तारेचे तांबे भंगारात घालायचे, ते वजन आबा स्वतः उभे राहून करणार. आणि गल्ल्याची किल्ली आबांच्या करदोट्याला. आबा जेवायला घरी आले की दुकानात मेस्त्रीकाका असत, पण गल्ला बंद असे. गिऱ्हाइकाला पाचशेची मोड हवी असली तर ते आमच्या घराच्या ओट्यावर येऊन उभे राहायचे. मी लहान होतो तेव्हा मला यात काही विशेष वाटले नाही. धंदा असाच असतो असे वाटायचे.

दोन वर्षांपूर्वी मेस्त्रीकाकांनी काम सोडले आणि चार किलोमीटरवर स्वतःचे दुकान टाकले. आबा आठ दिवस जेवताना बोलले नाहीत. नंतर एकदाच म्हणाले, "बघ, शिकवलं की पोरं जात्यात." हे वाक्य मी पुष्कळ लहान धंदेवाल्यांच्या तोंडी ऐकले आहे. हाटेलवाले म्हणतात, शिंपी म्हणतात, गॅरेजवाले म्हणतात. माझ्या या लेखाचे भांडण मुख्यतः या वाक्याशी आहे. मेस्त्रीकाका शिकले म्हणून गेले नाहीत. काम तर त्यांना चौथ्या वर्षीच येत होते. पुढची दहा वर्षे ते थांबले होते, आणि कशासाठी थांबले होते हे आबांनी त्यांना कधी विचारले नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आबांच्या छातीत कळ आली. त्यांना मिरजेला दाखल केले. मी साताऱ्याला वसतिगृहात होतो. परीक्षा तोंडावर होती, पण पुस्तके घेऊन रेल्वेने गावी आलो. घरात थोरला मीच. आई दवाखान्यात, धाकटी बहीण घरी, आणि दुकानात मी व एक सतरा वर्षांचा पोरगा. या पोराला कॉइल बसवता येत होती. कोणत्या मोटारीला किती वेढे हे त्याला ठाऊक नव्हते, कारण ते आबांच्या वहीत होते. ती वही मी उघडली. अक्षर आबांचे. आकडे आणि खुणा. एका मोटारीपुढे बैल काढलेला, एकीपुढे नुसतीच फुली. बी. ए.ला मी मराठीच्या पेपरात जुन्या लेखनाविषयी वाचतो आहे, परंतु माझ्या बापाची वही मला वाचता आली नाही.

दारात पाच मोटारी आणि पाच शेतकरी. एकाने विचारले, "किती घेणार?" मी गप्प. दर आबांच्या डोक्यात होते आणि डोके मिरजेला होते. दुपारपर्यंत दोघांनी आपापल्या मोटारी उचलल्या आणि निघून गेले. कुठे गेले हे विचारायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी मेस्त्रीकाकांना फोन केला. फोन करताना लाज वाटत होती. पाच अश्वशक्तीच्या एका जुन्या मोटारीचे वेढे विचारायचे होते. त्यांनी क्षणभर थांबून आकडा सांगितला, गेज सांगितले, आणि दरही सांगितला. मग म्हणाले, "आबांस्नी बरं हाय का? दर असाच लाव, त्यांनी एवढाच लावला असता." चौदा वर्षे ज्याला दर सांगू दिला नाही, त्या माणसाला आमच्या दुकानाचे सगळे दर पाठ होते.

दुसरा धक्का आईने दिला. उधारीची वही अशी आमच्याकडे नव्हतीच, तीही आबांच्या डोक्यात. मी आईला सहज म्हणालो, "आता उधारी बुडाली म्हणायची." तर आईने दवाखान्याच्या बाकड्यावर बसून एकेका गावाचे नाव घेत कोणाकडे किती हे घडाघडा सांगितले. रात्री जेवताना आबा दिवसभराचे बोलत असतात, ते ती ऐकत असते. वीस वर्षे ऐकत होती. तिला कोणी कधी विचारले नव्हते एवढेच. यातली निम्मी उधारी पुढे तिच्या सांगण्यावरून वसूल झाली.

आबांना साध्या खाटेवर आणले आणि फोन हातात मिळाला, तेव्हापासून नवाच प्रकार सुरू झाला. गिऱ्हाइकाने कोड स्कॅन करून पैसे दिले की दुकानातला डबा मोठ्याने रक्कम सांगतो, आणि तोच निरोप आबांच्या फोनवर मिरजेला जातो. पाच मिनिटांत फोन. "आठशे कशाचं आलं?" "बेअरिंगचे." "कुणाच्या?" "अमक्याच्या." "त्याला साडेआठशे असत्यात." पूर्वी निदान माणूस गावाला गेला की दुकान त्याच्या नजरेआड व्हायचे. आता सलाईन लावलेल्या हाताने गल्ला सांभाळता येतो. नव्या साधनांनी कामे सोपी झाली हे खरे, पण सोपवणे सोपे झाले असे मला वाटत नाही.

इथे भाषेचीही एक गंमत सांगतो. आमच्याकडे धनी दुकानात नसला तर लोक म्हणतात, "दुकान गड्यावर टाकलंय." टाकणे म्हणजे फेकणे, वाऱ्यावर सोडणे. 'सोपवलंय' असे कोणी म्हणत नाही. जणू धन्याला दोनच गोष्टी माहीत: एक तर छातीशी धरून ठेवायचे, नाही तर टाकून द्यायचे. वास्तविक या दोहोंच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. दर ठरवून दिले आणि त्यात शंभर रुपये वर-खाली करण्याची मुभा दिली, हे टाकणे नव्हे. पाच हजारांपर्यंतचा माल तूच आण, त्यावर मला विचार, हेही टाकणे नव्हे. काम तर आपण सगळेच दुसऱ्याला देतो. झाडलोट देतो, ओझे देतो, जागरण देतो. ठरवण्याचा हक्क मात्र देत नाही. आणि चुकण्याचा तर मुळीच नाही.

हे लिहिताना मला किर्लोस्करवाडी आठवणे साहजिक आहे. ती आमच्यापासून सायकलीच्या अंतरावर आहे, आणि लहानपणापासून तिचा भोंगा आमच्या कानावर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा (१८६९–१९५६) धडा आम्हाला भाषणात नेहमी सांगितला जातो: जिद्द, चिकाटी, लोखंडी नांगर. मला त्यांच्यातले दुसरेच काही मोठे वाटते. मुंबईला जे. जे. मध्ये ते चित्रकला शिकायला गेले होते. आपल्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे कळल्यावर त्यांनी चित्रकला सोडली आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. 'हे मला जमणार नाही' असे ज्याने तरुणपणीच कबूल केले, त्याला पुढे 'हे तू कर' म्हणणे जड गेले नसावे, असा माझा तर्क आहे. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले तेव्हा लक्ष्मणराव मुंबईत आणि दुकान बंधू रामूअण्णांकडे. सुरुवातच अशी, की मालक एका गावी आणि गल्ला दुसऱ्या गावी.

१९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, त्यावर कारखाना उभा राहिला. तिथे लक्ष्मणरावांनी वसाहत उभारण्याचे काम रामूअण्णांवर सोपवले, यंत्रे शंभूराव जांभेकरांवर, हिशेब मंगेशराव रेग्यांवर. अनंतराव फळणीकर आणि के. के. कुलकर्णी यांची शाळेतली प्रगती काही सांगण्यासारखी नव्हती, पण तीही माणसे तिथे मोठी कामे सांभाळू लागली. आपल्या वर्गातल्या एटीकेटीवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे! १९२० साली पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. लोखंडाच्या कारखान्यातून मासिक निघते आणि पुढे मराठी घराघरात जाते, हे सर्व एकाच माणसाच्या हुकमाने झाले असते काय? पुढच्या पिढीने तर १९४१ साली हरिहरला आणि १९४६ साली पुण्याला कारखाने काढले. रोज संध्याकाळी कुलूप स्वतः लावायचेच असे लक्ष्मणरावांनी ठरवले असते, तर तो कारखाना एका माळापुरताच राहिला असता.

कुलपावरून आठवले. तुरुंग भोगून आलेली, ज्यांच्या नावाने लोक दार लावून घेत अशी माणसे लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या पहाऱ्यावर नेमली. ती विश्वासाला उतरली. मी जेव्हा जेव्हा ही हकिकत ऐकतो तेव्हा मला आमचा गल्ला आठवतो आणि ओट्यावर उभे असलेले मेस्त्रीकाका आठवतात.

त्याच संस्थानात पुढे याहून मोठी गोष्ट घडली. बाळासाहेबांनी १९३८ साली राज्याचा कारभारच प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले, आणि १९३९ च्या आरंभी गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार होऊन बहात्तर गावांच्या त्या संस्थानात पंचायतींचा कारभार सुरू झाला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंती नसलेली वसाहतही तेव्हाचीच. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आपण टीव्हीवर पाहतो, त्याच्या मुळाशी ती आहे. एक राजा आपले राज्य सोपवतो आणि एका गाळ्याचा धनी सुट्या पैशांचा गल्ला सोपवत नाही. असे का?

मी पहिल्यांदा याचे उत्तर फटकन दिले होते: राजाचे मन मोठे, आपल्या बापाचे लहान. हे उत्तर चुकीचे तर आहेच, कृतघ्नपणाचेही आहे. लक्ष्मणरावांच्या पाठीशी संस्थानची जमीन होती, दहा हजारांचे बिनव्याजी कर्ज होते. एखादा नांगर फसला तर दुसरा ओतता येत होता. आबांच्या धंद्यात एक मोटार पुन्हा जळली तर तांब्याचा खर्च अंगावर येतो आणि त्या महिन्याचा किराणा उधार आणावा लागतो. ज्याच्याजवळ गमवायला थोडे असते त्याची मूठ आपोआप आवळते. मोठ्यांची उदाहरणे लहानांना सांगताना आपण हा हिशेब विसरतो.

पण एवढ्यानेही उत्तर पुरे होत नाही. दवाखान्यात एका रात्री आबा बोलायला लागले. दुकान टाकण्यापूर्वी त्यांनी नऊ वर्षे एका मालकाकडे काम केले होते. संध्याकाळी घरी निघताना मालक पिशवी उघडून बघायचा. नऊ वर्षे, रोज. एकदा पक्कड हरवली तेव्हा आधी आबांची पिशवी ओतली गेली आणि मग पक्कड मालकाच्याच टेबलाखाली सापडली. आबा हे सांगताना चिडले नव्हते. "मालकपणा असाच असतोय असं वाटलं," एवढेच म्हणाले. ज्याला आयुष्यात कोणी किल्ली दिली नाही, त्याला किल्ली कशी देतात हे कसे ठाऊक असणार? आपल्यापैकी ज्यांचे वडील पहिल्यांदाच धनी झाले आहेत, त्यांच्या घरी हे बहुधा असेच असेल. मालकी एका पिढीत मिळते, पण मालकाची रीत माणूस आपल्या मालकाकडूनच शिकतो.

आता त्या तसबिरीविषयी. पहिल्या वर्षी वसतिगृहातली आम्ही पोरे सज्जनगडावर गेलो होतो. तिथून आल्यावर मी समर्थांविषयी थोडे वाचले. ज्यांचे वचन आबांनी भिंतीला लावले आहे, त्या समर्थांनी ठिकठिकाणी मठ स्थापले आणि प्रत्येक मठ एकेका महंताच्या स्वाधीन केला. एक माणूस चाफळला आणि त्याच वेळी दूरदूरच्या गावी कसा असणार? आणि मिरजेचा मठ त्यांनी कोणाकडे दिला? वेणाबाईंकडे. सतराव्या शतकात, एका विधवा स्त्रीकडे. आबा ज्या गावी खाटेवर पडून आठशे कशाचे म्हणून विचारत होते, ते हेच मिरज. विसंबून राहू नका हे सांगणे वेगळे आणि कोणाच्या हाती काही देऊ नका हे सांगणे वेगळे. विसंबणारा स्वतः आडवा पडतो. सोपवणारा माणूस निवडतो, शिकवतो, आणि मग चार पावले मागे सरतो. या मागे सरण्यालाच सगळी ताकद लागते असे मला वाटते.

आपल्या कर्मवीर अण्णांनी तरुणपणी किर्लोस्करांचे नांगर विकत फिरतीची नोकरी केली. पुढे १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले, तेव्हा स्वयंपाकापासून बरीच कामे पोरांच्याच हाती दिली. पोरांच्या भाकरी करपल्या असतील, पीठ सांडले असेल. म्हणून कोणी त्यांच्या हातातून परात काढून घेतली नाही. हे सांगण्याचे कारण जवळचेच आहे. गेल्या स्नेहसंमेलनाच्या तयारीत मी होतो. समित्या नेमल्या होत्या, यादी फलकावर लागली होती, आणि रांगोळीत निळा रंग घालावा की जांभळा हे विचारायला आम्हाला तीनदा वर जावे लागले. गुरुजनांनी रागावू नये. आम्हीही काही कमी नाही: आमच्या समितीच्या प्रमुखाने खुर्च्या मोजण्याचे कामसुद्धा कोणाला दिले नाही आणि ऐन कार्यक्रमात तो घसा बसून खोलीत झोपून होता. समितीचा प्रमुख मीच होतो.

दुकानाकडे वळतो. त्या अकरा दिवसांत आमच्याकडून तीन चुका झाल्या. एका मोटारीत सहाशे रुपये कमी घेतले. एका शेतकऱ्याचा फोन आला, "मोटार चालतीया, पण पाणीच न्हाई." पोरगा गेला, तीन तारांपैकी दोन तारांची अदलाबदल केली, उलटा फिरणारा पंप सुलटा झाला. ही चूक म्हणजे दहा मिनिटांचे काम. तिसरी मात्र खरी चूक. हवे ते गेज संपले म्हणून पोराने बारीक तार वापरली आणि ती मोटार आठव्या दिवशी पुन्हा जळली. शेतकरी शिव्या देत आला. मी आबांना फोन न करता त्याला सांगितले की फुकट भरून देतो. सांगितले तेव्हा माझे पाय कापत होते. त्या रात्री पोराने आणि मी बसून ती मोटार पुन्हा भरली, सांगलीहून तार मीच आणली होती.

आबा घरी आल्यावर मी तिन्ही चुका सांगितल्या. फुकट भरून दिल्याचे ऐकून ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारले, "त्यो गडी पुन्यांदा आला का?" आला होता. आपल्या चुलत्याची मोटार घेऊन आला होता.

मला वाटते, सोपवण्याला एक माप हवे. जेवढे बुडाले तरी आपण उभे राहू, तेवढे आज सोपवावे. आबांना राज्य सोपवायला कोणी सांगत नाही. दर सोपवावेत, बेअरिंगची खरेदी सोपवावी, दुपारचा गल्ला सोपवावा. पोराला हिशेब लिहायला लावावा आणि आठवड्याने बघावा, दर पाच मिनिटांनी नव्हे. आणि नोकर निघून गेलाच तर? जाऊ दे. त्याच्या जाण्यात आपला हात किती होता हे आधी बघावे.

मोठ्या धंद्यांना हे अंतरच शिकवते. भिलवडीत १९३९ साली सुरू झालेल्या चितळ्यांच्या दुधाची विक्री पुण्यात होऊ लागली तेव्हा कोणीतरी भिलवडीत आणि कोणीतरी पुण्यात असणे भागच होते. आमच्यासारख्यांचे सगळे एकाच गाळ्यात असते, धनी हाताच्या अंतरावर असतो, म्हणून हात पुढे जातो. आबांचा अजून जातो.

सुट्टीत मी एक नवीन वही केली. आबा सांगत गेले, मी लिहीत गेलो: मोटारीचे नाव, अश्वशक्ती, वेढे, गेज, दर. बैल आणि फुल्या गेल्या. पोराला वाचता येईल अशा अक्षरात लिहिले. उधारीचे पान आईने सांगितले. वही आता गल्ल्यावर उघडी असते आणि दुपारी आबा जेवायला जातात तेव्हा किल्ली खिळ्याला असते. निदान मी गावी असतो तेव्हा तरी असते. मी साताऱ्याला आल्यावर काय होते ते बहीण फोनवर सांगते, आणि तिचे सांगणे दर आठवड्याला वेगळे असते. वहीतली शेवटची तीन पाने कोरी आहेत. ती सबमर्सिबलची. त्यांचे दर आबांनी अजून सांगितलेले नाहीत.